नळीतली साय

तिनं रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजचं झाकण उघडून नळ्या एकेक करून उचलल्या. सकाळपासूनची ही चौथी खेप, पाय भरून आले होते. शेवटच्या नळीत रक्त खाली बसलं होतं, आणि वर, जिथं पिवळसर नितळ सीरम दिसायला हवं, तिथं दूध ओतल्यासारखं पांढरं होतं. नळीवर तिच्या वडिलांचं नाव होतं.

"ताई, बाबा दाबून नाश्ता करून आलेले दिसतात," डॉक्टर मागून म्हणाले.

"नाही, डॉक्टर. रात्री आठपासून पोटात काही नाही म्हणालेत."

"मग सीरम काढून ठेवा फ्रीजमध्ये. उद्या कळेलच."

ही लॅबची जुनी रीत. खाल्लेली चरबी आतड्यातून रक्तात उतरते ती मोठ्या, हलक्या थेंबांनी. नळी रात्रभर उभी ठेवली, की ते थेंब वर येतात आणि साय धरते. शरीरानं स्वतः बनवलेली चरबी बारीक कणांची. ती वर येत नाही, नळी सगळी गढूळच राहते. साय म्हणजे खाणं, गढूळ म्हणजे आजार. छातीवर हात ठेवून 'उपाशी आहे' म्हणणारे कितीतरी पेशंट तिनं बावीस वर्षांत असे पकडले होते.

पण बाबा त्यांतले नव्हते. वजनकाटे तपासण्याची नोकरी त्यांनी जन्मभर केली आणि कुठल्या दुकानदाराचा चहासुद्धा घेतला नाही.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा ते खिडकीशी पेपर वाचत होते.

"बाबा, सकाळी लॅबला यायच्या आधी काही खाल्लं होतंत का?"

"अगं, तूच बजावून गेलीस ना? मग कशाला खाईन?"

चष्म्यावरून त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं. बेसिनमध्ये बटर लागलेली सुरी पडली होती, ओट्यावर पावाचा चुरा. कालचा असेल, असं स्वतःला सांगून तिनं सुरी घासली, ओटा पुसला. काल झोपण्याआधी ओटा तिनंच लख्ख केला होता.

"बाबा हल्ली विसरतात, कुणाला तरी दाखव," असं दादा महिन्यापूर्वी फोनवर म्हणाला, तेव्हा ती त्याच्यावर उखडली होती. लांबून शहाणपण शिकवायला काय जातं? तेव्हापासून तिनं त्याचा फोन उचलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीजच्या दाराला हात लावताना तिनं मनातल्या मनात आजारच मागितला. आजाराला गोळ्या असतात, पथ्य असतं, आकडे हळूहळू खाली येतात. सगळी नळी गढूळ असू दे, एवढंच.

नळीत वर नखभर जाड साय धरली होती. खालचं सीरम अगदी नितळ होतं.

"चला, सुटलात ताई," डॉक्टर म्हणाले. "आजारबिजार काही नाही. बाबांनी थाप मारली, झालं."

"बाबा थापा मारत नाहीत, डॉक्टर."

तिनं हातमोजे काढले, बाहेर बाकावर येऊन बसली आणि फोन लावला.

"दादा, मी बोलतेय."

"बोल गं," दादा म्हणाला.

"बाबांना कुणाला दाखवायचं म्हणत होतास?" तिनं विचारलं.