मातेच्या नावाचा रकाना

टिचबटण काही लागत नव्हतं. निळ्या प्लास्टिकच्या फाईलचं ते पांढरं बटण अंगठ्याने दाबलं की टच् वाजायचं, आणि गाडी खड्ड्यात आदळली की आपोआप सुटायचं — आत कागदच इतके झाले होते. पासपोर्टच्या झेरॉक्स, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, पोलिसांचा दाखला, बारामतीच्या कारखान्याचं अनुभवाचं पत्र... सुयोगने तिथं बारा वर्षं वेल्डिंग केलं, आता तो दुसऱ्यांनी केलेले जोड तपासायचा. आणि असल्या कसबी माणसांना ऑस्ट्रेलियात कायमचं राहायला देतात, बायको-मुलीसकट, हे त्याने दिवाळीपासून आईला इतक्या वेळा समजावलं होतं की सिंधुबाईंना ते पाठ झालं होतं. त्यातला एक शब्द तेवढा त्यांना नीट समजला होता. कायमचं.

"आई, घट्ट धर ती फाईल. माझा सगळा जीव हाय त्यात," सुयोग गाडी चालवता चालवता म्हणाला.

त्यांनी मांडीवरच धरली होती. दोन्ही हातांनी.

पळसदेव मागे पडलं. चैत्रातलं उजनीचं पाणी लांबवर मागे हटलं होतं, आणि जुन्या देवळाचं शिखर वर आलं होतं. त्या देवळात सिंधुबाई नवी नवरी म्हणून पायी चालत गेल्या होत्या, ओल्या हळदीच्या पायांनी... मग धरण येणार म्हणून साहेबलोक टेप घेऊन आले, तेव्हा सासरच्या परसातल्या लिंबाचासुद्धा कागद झाला — झाड एक, घेर इतका. विहिरीचा झाला, गोठ्याचा झाला. सगळं पाण्यात गेलं आणि कागद राहिले. आणि त्यानंतर दहा वर्षांनी एक मूल घरात आलं, तर त्याचा कागद करायचं कुणालाच सुचलं नाही. घरातल्या घरात कसला कागद, असं रावजी म्हणाले होते — सिंधुबाईंचे मालक, वालचंदनगरच्या कंपनीत टर्नर. त्यांनीच शाळेत नाव घातलं, आईच्या नावापुढे सिंधुबाई सांगितलं, मास्तरांनी लिहून घेतलं. झालं. त्या मुलाला आता पस्तीस वर्षं झाली होती.

आता बारामतीची ती अर्ज भरून देणारी प्राची मॅडम म्हणाली होती, जन्मदाखला पाहिजेच. त्यावर आई-बाप दोघांची नावं पाहिजेत. तिकडचे लोक एकेक कागद पडताळून बघतात. एक जरी खोटा निघाला तर अर्ज बाद, आणि पुन्हा कित्येक वर्षं दार बंद. चार दिवस सिंधुबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. सूनबाई, वृषाली, म्हणाली, "आई, आत्तापास्नंच अशा करायला लागल्या तर कसं हुयाचं?" तिला वाटलं, माया.

माया होतीच की. पण माया अशी पोटात गोळा होऊन बसते का?

बावड्यात सुयोगचा जन्म, हे खरं. सिंधुबाई तेव्हा बावड्यात होत्या, हेही खरं. पण खाटेवर होती मुक्ता, त्यांची धाकटी बहीण. तिचा तो तिसरा मुलगा. सिंधुबाईंच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. बाराव्या दिवशी मुक्ताने नारळ, खण आणि वर ते ऊबदार गाठोडं त्यांच्या ओटीत घातलं आणि म्हणाली, "आक्का, हा तुझा. माज्या तोंडातनं कधी निघायचं न्हाय." नंतर सव्वा महिना ती वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये येऊन राहिली, अंगावर पाजण्यापुरती. मग सकाळच्या एसटीने गेली. एसटीत चढताना तिच्या चोळीवर दोन ओले डाग होते, आणि ती पदर ओढून ओढून ते झाकत होती...

मी तेव्हा काय केलं? एसटी वळायच्या आतच मी मागे फिरले. घाई झाली होती मला, मूल घेऊन आत जायची.

बावड्याच्या पंचायतीपुढे गाडी थांबली. सुयोग फाईल घेऊन जन्माची नोंद शोधायला आत गेला. सिंधुबाई गाडीतच बसून राहिल्या. मुक्ताच्या नवऱ्याने तेव्हा रीतसर नोंद केली होती, हे त्यांना माहीत होतं. आत कुठेतरी ते रजिस्टर असणार, कडा कुरतडलेलं, आणि त्यात ते पान. आता तो बोट फिरवत असेल. आता थांबलं असेल बोट. आता बाहेर येईल आणि गाडीच्या काचेतून बघेल... कसा बघेल? लहानपणी तो तापाने फणफणला की मुक्ता धावत यायची, आणि सिंधुबाई तिला त्याच्या उशाशी बसू द्यायच्या नाहीत. "तू दमलीयस, पड जरा," म्हणायच्या. मुक्ता पडायची. भिंतीकडे तोंड करून.

सुयोग हसत बाहेर आला.

"न्हाय नोंद! तुझ्या नावानं सगळं वर्ष बघितलं, न्हायच. ग्रामसेवक म्हणला, तवा निम्मी बाळंतपणं घरातच, कोण नोंदवायला जातंय? नोंद सापडत न्हाय म्हणून दाखला दिला त्यांनी. आता त्याला तुझं प्रतिज्ञापत्र जोडायचं, आन् जन्माला हजर असलेल्या एका नातेवाइकाचं. शेजारच्या दुकानात टाईप पण करून आणली दोन्ही. चल मावशीकडं."

सिंधुबाईंचा श्वास सुटला. सुटला — आणि अर्ध्यातच अडकला. ते पान तिथंच होतं. कुणी मुक्ताच्या नावाने बघितलं नव्हतं, एवढंच.

मुक्ता अंगणात बाजेवर कुरडया घालत होती. गाडी बघून हात पुसत उठली.

"आला का आमचा इमानवाला!"

"अजून जुनी गाडीच हाय, मावशी."

"तिकडं म्हणं धूळ न्हाय, शेजारी डोकवत न्हाय. मग माणसं दिवसभर करतात तरी काय रं?"

"वेल्डिंग करतात," सुयोग म्हणाला, आणि दोघंही हसली. हसताना दोघांचाही डावा डोळा जरा जास्त बारीक व्हायचा. सिंधुबाईंनी नजर कुरडयांकडे वळवली. पस्तीस वर्षं त्या अशीच नजर वळवत आल्या होत्या.

"मावशी, एक काम हाय. माज्या जन्माच्या टायमाला तू हुतीस का न्हाय?"

मुक्ताच्या हातातला साचा बाजेच्या कडेला टेकला.

"हुते की," ती म्हणाली. "मी नसंन तर कोण असणार बाबा?"

"मग साक्षीदार तूच. ऐक — 'सुयोग हा माझी थोरली बहीण सिंधुबाई हिच्या पोटी, माझ्या समक्ष जन्मला, हे मी शपथेवर लिहून देते.' बरोबर हाय न्हवं?"

अंगणात ऊन होतं. एक चिमणी कुरडयांवर उतरली आणि कुणीच तिला हाकललं नाही.

"बरोबर हाय," मुक्ता म्हणाली. "कुठं करू सही?"

बचत गटात शिकलेली सही होती तिची. एकेक अक्षर उभं करत, जीभ दातांत धरून तिने ती केली. मग कागदावर हलकेच फुंकर घातली — तान्ह्याच्या डोळ्यांवर घालतात तशी — आणि पेन पुढे केलं.

"आक्का, घे."

पेन कोमट होतं. दुसरा कागद सिंधुबाईंच्या मांडीवर, निळ्या फाईलवर होता. मातेचे संपूर्ण नाव, त्यापुढे त्यांचं नाव छापलेलं. खाली सहीपुरती जागा. सही केली की तो जाईल. उद्या तिकडच्या कुणी रजिस्टरातलं ते पान उलटून बघितलं तर अर्ज बाद होईल, तो खोटा ठरेल, परत येईल... परत येईल. हा शब्द मनात किती सहज, किती गोड येऊन बसला! सिंधुबाई दचकल्या. म्हणजे चार दिवस पोटात गोळा होता तो याचा? पकडला जावा, राहावा, माझ्यापाशी... ज्याच्याकडून मी आई म्हणवून घेतलं, त्याच्यासाठी हे मागत होते मी?

आणि सांगितलं तर? त्याला खरा कागद मिळेल. कदाचित उशिरा, कोर्टकचेऱ्या करून; पण मिळेल. मग रकान्यात नाव मुक्ताचं.

त्यांनी वर बघितलं. मुक्ता त्यांच्याकडे बघत नव्हती. ती चिमणीने टोचलेली कुरडई उचलून बाजूला ठेवत होती, अगदी सावकाश. आणि तिच्या सत्तरीकडे झुकलेल्या, वाकलेल्या पाठीवर चोळीचं कापड ताणलेलं होतं. आत्ता शपथेवर तिने स्वतःला पुसून टाकलं होतं आणि वर फुंकर घातली होती. आता या जगात तिचं ते बाळंतपण कुठेच उरलं नव्हतं — उरलं होतं फक्त एका कुरतडलेल्या पानावर, आणि माझ्यात.

इतकी वर्षं सिंधुबाईंना मुक्ताची भीती वाटत आली होती. आत्ता पहिल्यांदा तिच्यासाठी वाटली.

"आई, कर की सही. मग जेवू," सुयोग म्हणाला.

"करते रं," त्या म्हणाल्या, "उगं घाई करू नगंस," आणि बोलता बोलताच त्यांना कळलं की हे शब्द आपले नाहीत — एसटीच्या पायरीवरून मुक्ता असंच काहीसं म्हणाली होती, *भुकेजला तर उगं रडवू नगंस*, आणि आपण ते पुरतं ऐकूनही घेतलं नव्हतं.

त्यांनी पेन दोन्ही हातांत धरलं. त्याचा कोमटपणा हळूहळू निघून चालला होता, आणि तो पुरता जायच्या आत सही तरी करायला हवी होती, नाहीतर तोंड तरी उघडायला.