दाण्याची सही

आसगावच्या राइस मिलमध्ये उसन्या, म्हणजे उकडून वाळवलेल्या धानाचा निकाल निर्मलाबाईंच्या दातावर लागे. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्याच्याही आधीपासून. उकडून अंगणात पसरलेल्या धानातला एक दाणा त्या चावत, ‘कट’ वाजलं, म्हणजे धान बेतानं वाळलं, की ओरडत, “टेकचंद, घे रे भरून!” टेकचंद मशीन सुरू करी. तांदूळ अख्खा निघे. याला काही रचना लागते, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

ते सांगायला मालक मधुकररावांनी नागपूरहून सल्लागार आणले, धनंजयसाहेब. भिंतीवर तक्ता लागला. निर्मलाबाई ‘गुणवत्ता’ विभागात, टेकचंद ‘उत्पादना’त. एका विभागानं दुसऱ्याशी परस्पर बोलायचं नाही. कागद वर साहेबांकडे जाईल, सही होऊन खाली येईल.

पहिल्या दिवशी बाईंनी साडेअकराला दाणा चावला. सही झाली तीन वाजता. ऊन कोणत्याच विभागात नव्हतं, ते तापत राहिलं. धान करकरीत वाळलं आणि अर्धा तांदूळ तुटून कनकी झाला.

“काहून बाई, दात म्हातारा झाला का?” मधुकररावांनी विचारलं.

“दात साडेअकरालेच बोलला, मालक. तुमचा कागद जेवाले गेला होता.”

“पुन्हा असं झालं तर यांना कमी करावं लागेल,” धनंजयसाहेब म्हणाले. कागदाला कमी करायचं कोणालाच सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशीही दाणा वाजला. सही करणारे धनंजयसाहेब भंडाऱ्याला गेलेले. बाई अंगणातूनच ओरडल्या, “टेकचंद, घे रे भरून!”

“बाई, कागद?”

“धान वाळून चाललं अन् तू कागद मांगून राहिला? घे म्हणते ना!”

टेकचंदनं घेतलं. तांदूळ अख्खा निघाला. संध्याकाळी बाईंना घरी बसवलं.

“तांदूळ तुटला का, मालक?”

“नाही. पण पद्धतीनं नाही निघाला.”

अहवालात मात्र तोच तांदूळ साहेबांच्या तळहातावर फोटोत आला. खाली ओळ: नव्या रचनेचं यश.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी मधुकरराव मूठभर धान घेऊन बाईंच्या दारात उभे. चावून चावून त्यांचं तोंड भुशानं भरलं होतं.

“एवढं पाहून द्या ना, बाई. आमाले काही समजून नाही राहिलं.”

“कागद आणला का?”

“कोणता कागद?”

“तक्त्यात माह्यावर कोन बसला हाय, त्याची सही.”

मधुकररावांनी मूठ उघडी धरून ठेवली. बाईंनी दाणे घेतले, एकही तोंडात न टाकता कोंबड्यांपुढे फेकले आणि आत निघून गेल्या. मिलच्या अंगणात ऊन आपलं काम करतच होतं.