फक्त गवत, आणि रेमोलाचा

डोन्या एतेल्विना गाडीतून उतरली आणि माइते कुंपणाकडे धावली. गावातल्या क्लबाची खानावळ या बाईच्या ताब्यात होती. ती हो म्हणाली, तर वर्षभराचं मांस माइतेच्या घरून जाणार आणि दलालाच्या ट्रकची वाट बघणं संपणार. 'लोकांना इथे बोलवा, गुरं दाखवा, मग बघा विश्वास बसतो की नाही' ही कल्पना होती सोळा वर्षांच्या माइतेची.

क्लबातली आणखी माणसंही आली, प्रत्येकाच्या काखेत थर्मास, हातात माते चहाचा पेला. माइते कुंपणाच्या फळीवर चढली.

"बोला, मंत्रीणबाई!" तिचे बाबा, डोन एलेउतेरिओ, तिला चिडवत ओरडले.

"आमची गुरं फक्त रानातलं गवत खातात! दुसरं काही तोंडालाही लावत नाहीत!"

"टीव्हीवरच्या जाहिरातीतली बाईपण असंच म्हणते," डोन्या एतेल्विना म्हणाली. "आणि ती विकते त्या मांसाला तव्यावर नुसतं पाणी सुटतं."

तेवढ्यात रिमझिम सुरू झाली. आणि रिमझिम म्हटल्यावर आई काय करणार? या देशातली प्रत्येक आई करते तेच! पीठ मळलं, चरबी तापवली, तोर्ता तळायला घेतल्या. टम्म फुगलेल्या, मधे भोक, वर साखर. वास थेट कुरणापर्यंत गेला.

माइतेचा चेहरा पांढराफटक पडला. तिला आपली लाडकी गाय आठवली, रेमोलाचा!

रेमोलाचा म्हणजे बीट; तशीच लालभडक जन्मली म्हणून हे नाव, आणि ती जन्मताच तिची आई मेली. माइतेने तिला बाटलीने दूध पाजून चुलीशेजारी वाढवलं. पावसाळी दिवशी दुधासोबत एखादी तोर्ता... दोन... बरं, चार. आता तिची चांगली दांडगी गाय झाली होती, पण आपण वासरू राहिलो नाही हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

ती आली. डोक्याने फाटक ढकलून, शेपटी वर करून. पाहुणे सैरावैरा पळाले. डोन्या एतेल्विनाच्या हातात आईने नुकतंच ताट दिलं होतं. रेमोलाचाने सगळ्या तोर्ता फस्त केल्या, ताट चाटलं, मग बाईच्या बाहीवरची साखरही चाटून काढली.

"फक्त गवत?" डोन्या एतेल्विनाने विचारलं.

शेजाऱ्यांची गाय आहे, असं ठोकून देता आलं असतं. कानातला बिल्ला वाचायला कोण जातंय! बाबा माइतेकडे बघत होते, आणि आता चिडवत नव्हते.

"काकू, मी जरा जास्तच बोलले. बाकीची खरंच गवत खातात. पण ही तोर्ता खाते. बिस्किटं खाते. बाबांची टोपी खाल्ली. निवडणुकीत एका उमेदवाराचं पत्रकसुद्धा खाल्लं."

"ते पचलं?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही ना!"

सगळे खो-खो हसले. डोन्या एतेल्विना नाही.

"आणि हिचं मांस कुणाच्या गळ्यात मारणार?"

"हिचं?" माइते किंचाळली आणि गायीच्या गळ्यात पडली. "कुणाच्याच नाही! ही घरची आहे!"

बाईने ओली बाही पिळली. "डोन एलेउतेरिओ, तुमची मंत्रीणबाई मंत्री म्हणून अगदीच कच्ची आहे हो. विचारलं की खरं सांगून टाकते. सोमवारपासून मांस पाठवा. पण एक अट. मी आले की तोर्ता आधी मला, मग हिला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त रेमोलाचाने ही अट ऐकली नाही, कारण तोवर ती स्वयंपाकघरात शिरली होती.