फ्लायव्हीलचे सहा बोल्ट

"चकाकतोय म्हणून लावलास? असाच चकाकता बघून मी तुझ्या काकाला पसंत केला होता!" मावशी ओरडली.

दुरुस्तीला आलेल्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर स्टुलावर बसल्या बसल्या खो खो हसला. माझं डोकंच सटकलं. फ्लायव्हीलचे, म्हणजे इंजिनाच्या पाठीवरच्या त्या जड चाकाचे, सहाच्या सहा बोल्ट मी एकट्याने बसवले होते. जुने काळपट, मला गंजलेले वाटले, म्हणून मुद्दाम स्टेनलेसचे निवडले.

"आयुष्यभर गंजणार नाहीत हे!"

"गंजायला ते चाक काय अंगणात वाळत घातलंय?"

मी पाना आपटला. "मग तूच कर सगळं!"

शाळा सोडली तेव्हा घरच्यांनी हात टेकले होते. मावशीने गॅरेजात घेतलं. सहा महिने नुसती पुसापुशी केली, इंजिन आज पहिल्यांदा हातात दिलेलं. गेलं तेही, असं वाटलं.

मावशीने भोकं पाडलेली एक जाड लोखंडी पट्टी बाकावर आवळली, तिच्यात माझा एक बोल्ट घातला, शेजारी तिच्याकडचा एक काळा. मग टॉर्कपाना माझ्याकडे सरकवला. ठरलेला जोर लागला की तो टक वाजतो.

काळ्यावर लगेच टक वाजलं. माझ्या बोल्टवर वाजेचना. पाना आपला फिरतोय, फिरतोय... आणि बोल्ट मटकन तुटला.

"काळ्याच्या डोक्यावर काय कोरलंय?"

"दहा पॉइंट नऊ."

"ती त्याची ताकद. तुझा बोल्ट पाण्याच्या टाकीला एक नंबर. इंजिनात तुटला, तर चाक ड्रायव्हरच्या पायातून वर येईल."

ड्रायव्हरचं हसू थांबलं. त्याने पाय स्टुलाखाली ओढून घेतले.

मी गुपचूप सगळे काढले. नवे काळे घातले, समोरासमोरचे एकेक करून आवळले. सहा वेळा टक. मावशीने स्वतः पाना लावून पाहिला, मग दोघांनी गिअरबॉक्स चढवला. आता हातात फडकं येणार, हे मी धरूनच चाललो होतो.

"चल, गाडीत बस," ती म्हणाली.

"मी?"

"ज्याने बोल्ट आवळले, पहिल्या फेरीला तोच बसतो. माझ्या गॅरेजात असंच चालतं."

"आणि तू?"

"मी कशाला? बोल्ट तुझे आहेत. आणि पुढचं इंजिन दुपारी येतंय, वेळेत परत ये."

ड्रायव्हर दार उघडून हॉर्न देतोय. मला निघायला हवं.