तिसऱ्या प्रकरणातली लढाई

इतिहासाच्या एम.ए.ला काय काय लागतं, ते मला झोपेतून उठवून विचारा. चार पेपर, चाळीस हजार शब्दांचा प्रबंध, त्याचं सर्वांसमोर सादरीकरण आणि ज्यांच्या तोंडून माहिती घेतली त्या प्रत्येकाचं सही केलेलं संमतिपत्र. त्यातला प्रबंध आणि संमतिपत्रं शुक्रवारी चारच्या आत राजधानीत, सुवाला, विद्यापीठाच्या कचेरीत द्यायची होती. बुधवारी माझ्याकडे सगळं तयार होतं, फक्त एक सही सोडून.

आणि ती कुणाची राहावी? आपेनिसा आजोबांची, म्हणजे माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची! गेल्या वर्षी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा पीत पीत मी अकरा तास त्यांचं बोलणं टिपून घेतलं होतं. आमच्या पूर्वजांनी वाइतोगा गावच्या लोकांना हरवून नासोलेवूची, म्हणजे आमच्या गावाची, जमीन कशी जिंकली, यावर माझं अख्खं तिसरं प्रकरण उभं होतं. माझ्या मार्गदर्शक अंबिका मॅडमनी त्यावर 'सर्वोत्तम' असा शेरा मारला होता. आणि आता आजोबांनी कागद कोराच परत पाठवला होता.

गुरुवारी सकाळी गावी जायला मी नदीवरच्या नाउसोरीच्या धक्क्यावर पोचले. माझा आतेभाऊ सेतारेकी बोट घेऊन उभा होता.

"या पंडितबाई! म्हाताऱ्याला चहावर गुंडाळलंत ना?"

"तू गप बस. का करत नाहीयेत ते सही?"

"यांगोनाची मुळी नेलीस का तू तेव्हा? समोर ठेवलीस? विचारण्याची परवानगी मागितलीस?"

"घरच्या मुलीला कसली मुळी? मी काय पाहुणी आहे?"

सेतारेकी इतका हसला की बोट डुलली. "घरच्या मुलीला चहा मिळतो गं. इतिहास नाही मिळत."

मला संताप आला, स्वतःचाच जास्त. परक्या गावांत काही विचारण्याआधी मान म्हणून ठेवायची ही पेयाची मुळी मी प्रत्येक वेळी नेली होती, आणि आपल्याच गावात शहाणपणा केला होता. तशीच बाजारात पळत गेले आणि अर्धा किलो चांगल्यातली मुळी घेऊन आले.

दुपारी आजोबांच्या बैठकीत सेतारेकीने मुळीची जुडी चटईवर ठेवली आणि माझ्या वतीने रीतसर शब्द उच्चारले. एरवी टिवल्याबावल्या करणारा हा प्राणी तेव्हा किती गंभीर झाला होता! आजोबांनी जुडीला हात लावला, तळवे पोकळ करून ती स्वीकारल्याच्या तीन टाळ्या वाजवल्या आणि ताठ बसले.

"आता विचार, वासेमाथा."

त्यांनी मला कधीच पूर्ण नावाने हाक मारली नव्हती.

"आजोबा, नासोलेवूची लढाई कशी झाली?"

"झालीच नाही."

मी सेतारेकीकडे पाहिलं. तोही तोंड उघडं टाकून बघत होता.

"गोवराच्या साथीत आपली माणसं नदीने खाली आली," आजोबा म्हणाले. "निम्मी बोटीतच गेली. वाइतोगाच्या लोकांनी हाकललं नाही. रोज काठावर खायला तारोचे कंद ठेवून जायचे. जी जगली, त्यांना त्यांनी ही जमीन दिली. लढाईची गोष्ट पोरांसाठी आहे, त्यांची छाती फुगावी म्हणून."

"मग मला का सांगितलीत ती?"

"तू चहाबरोबर मागितलीस, मी चहाबरोबरची दिली." त्यांनी हात पुढे केला. "आण तो कागद. घरची आहेस, तुझं अडवणार नाही. पण कुठल्या गोष्टीखाली सही करू, ते तू सांग."

पेन माझ्या हातात होतं. एक सही, आणि दोन वर्षांची मेहनत उद्या चारला सुफळ! खोटं कुणाला कळणार होतं? मला कळणार होतं. पण खरं सांगू? मोह क्षणभरच टिकला. दीडशे वर्षं जे कुणी लिहिलं नव्हतं ते माझ्यासमोर बसून बोलत होतं. मी उठले आणि फोन लागतो त्या टेकडीवर धावत सुटले.

"मॅडम, मी उद्या प्रबंध देत नाहीये! तिसरं प्रकरण साफ खोटं आहे!"

"आणि तू एवढी आनंदाने ओरडतेयस?"

"लढाई झालीच नाही, मॅडम! एकही नाही!"

"मुदतवाढीचं मी कचेरीत कळवते, अर्ज सोमवारी आणून दे," त्या म्हणाल्या. मग त्यांनाच राहवलं नाही. "बरं, मग काय झालं होतं? सांग ना!"

मी धापा टाकत खाली आले, तेव्हा आजोबा तिथेच बसून होते.

"पदवी गेली का गं?"

"सहा महिने लांबली. आता वाइतोगालाही जायला हवं. त्यांची बाजूही विचारायला हवी."

आजोबांनी दारातून नदीपलीकडे बोट दाखवलं. "ती माणसं पलीकडच्या काठावर राहतात. रोज दिसतात. मी ऐंशी वर्षांचा झालो, लहानपणी त्यांना हरलेले म्हणून चिडवलंही. आभार मानायला आपल्यातलं कुणी एकदाही गेलं नाही."

मग गुडघ्यांवर हात टेकून ते उठले आणि खुंटीवरचा स्वच्छ शर्ट काढून घालू लागले.

"सेतारेकी, बोटीत पेट्रोल आहे ना?"