मिशीसकट जुळत नाही

आसगावच्या सेवकरामचा अंगठा मशीनने नाकारला, त्याला दोन वर्षं झाली. पन्नास हंगाम धानाच्या पेंढ्या आवळून त्यावरच्या रेषा पार झिजल्या होत्या. मग सरकारने चेहरा मागितला. आज शेवटची तारीख. चेहरा जुळला नाही तर राशनकार्डावरून नाव कमी.

दुकानदार गोपीचंदने त्याच्या तोंडासमोर मोबाईल धरला होता.

"डोये मिचकावा ना, काका."

"मिचकावूनच राहिलो ना बापू. आता का नाचू?"

सहाव्यांदा लाल फुली आली. गोपीचंदने आधारचा फोटो मोठा करून पाहिला. "काका, हे बाई कोण हाय?"

रांगेतल्या बाया हसल्या. सेवकरामला हसण्याचाही कंटाळा आला होता. चौदा वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गावात आधारचं शिबिर लागलं. रात्रभर दंडारीच्या नाटकात राणी झालेला सेवकराम लुगडं सोडून तसाच रांगेत उभा राहिला. तोंड धुवायला गेलो तर नंबर जाईल, ही भीती. कोरलेल्या भुवया, डोळ्यांत काजळ, मिशी सफाचट. पुढे गुडघे गेले, राणी गेली, मिशी आली.

"फोटो बदलवून आना."

"दोनदा गेलतो. बदलवाले अंगठा लागते म्हनते."

पिशवी घेऊन उभी असलेली सून दामिनी हळूच म्हणाली, "मामाजी, घरी चला. रंगाची पेटी हाय ना अजून."

"या उमरीत लोकाइले तमाशा दाखवू?"

"तवा रातभर दाखवत होते. हे त पाच मिनिटाचं काम हाय."

ओसरीवर बसून त्याने मिशी उतरवली. दामिनीने काजळ घातलं. सुरकुत्यांत शिरून ते नको तिकडे पसरलं. भर दुपारी मान खाली घालून तो दुकानात परत आला. बाया हसल्या नाहीत, ते त्याला जास्त लागलं.

गोपीचंदने मोबाईल धरला. पहिल्याच फटक्यात हिरवी खूण.

"जुळला! मोठी कडक सिस्टीम हाय, काका. खोटा मानूस एक नाही चालत."

सेवकरामने तोंड पुसायला खांद्यावरचा दुपट्टा उचलला.

"पुसू नका! नाव राहिलं तुमचं. पन तांदूळ उचलाले अजून एकदा चेहरा लागते. दर महिन्याले."

सेवकरामने दुपट्टा खाली केला. कपाळावरून घाम उतरत होता. काजळ जाईल म्हणून तोही त्याने पुसला नाही. निमूट जाऊन तो रांगेत बायांच्या मागे उभा राहिला.