फेकून दिल्या

बाईंनी टाइप केलेला कागद वकिलांकडे परत सरकवला.

"यावर मी सही करणार नाही."

वकिलांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख; तिथल्या शोधाच्या पेटंटवर त्यांचं एकट्याचं नाव. बाई त्यांच्या हाताखाली एकोणीस वर्षं पेशी वाढवत होत्या. सुट्टीच्या दिवशीही बाई निघाल्या की, तुझ्या लेकरांना भरवून ये, असं नवरा थट्टेने म्हणायचा. त्यांच्या वहीत खाडाखोड शोधून सापडत नसे, आणि याचा त्यांना कोण अभिमान.

भानगड त्याच वहीतली होती. प्रतिपिंडाला, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या प्रथिनाला, जड आणि हलकी अशा दोन साखळ्या लागतात. तेव्हा सगळे त्या वेगवेगळ्या पेशींत बनवून मग जुळवत बसायचे, आणि त्या जुळता जुळत नसत. एका सकाळी बाईंच्या हातून दोन्ही साखळ्यांची जनुकं पेशींच्या एकाच बशीत पडली. साहेब उखडले, बशी फेकायला सांगून तरातरा निघून गेले. पुढे त्याच बशीतल्या पेशींनी अख्खं प्रतिपिंड तयार करून दाखवलं. आता दुसरी एक कंपनी शोधावर हक्क सांगत होती. तुमच्या वहीत तर त्या तारखेला स्वच्छ अक्षरात 'फेकून दिल्या' असं लिहिलंय, मग शोध लागला कधी, असा त्यांचा सवाल होता.

वकिलांनी पुन्हा समजावलं. ते दोन शब्द नजरचुकीने पडले, पेशी साहेबांच्या सांगण्यावरूनच राखल्या, एवढं बाईंनी म्हटलं की पेटंट वाचेल. त्यांची नोकरीही वाचेल. खोटी नोंद करणाऱ्याला इथे कुणी दारात उभं करत नाही.

"नजरचूक नव्हती ती," बाई म्हणाल्या. "मुद्दाम लिहिलं. साहेब रोज वही बघायचे. तसं लिहिलं नसतं तर त्यांनी स्वतः येऊन फेकल्या असत्या."

"आणि पेशी?" वकिलांनी विचारलं.

"खालच्या कप्प्यात, मागच्या बाजूला ठेवल्या. नऊ दिवस."

साहेबांचा चेहरा उतरला. एवढी वर्षं तुम्हाला सांभाळलं, त्याचे हे पांग फेडताय का, असं ते पुटपुटले. या शोधाबद्दल साहेबांचा सत्कार झाला त्या दिवशी बाई सभागृहात खुर्च्या मांडत होत्या, मूग गिळून. तेव्हाचा राग या वेळी बाईंनी गिळला नाही.

"मला नाही सांभाळलंत, साहेब. पेशींना सांभाळलं, ते मी."

वकिलांनी हिशोबीपणे विचार केला असावा. शोधाची तारीख टिकत होती, टिकत नव्हतं ते पेटंटवरचं साहेबांचं नाव. त्यांनी कोरा कागद ओढला आणि साहेबांकडे न बघता विचारलं,

"नोंद खोटी होती, हे लिहून देणार? विचार करा, बाई. परत घेता येणार नाही."

"लिहा," बाई म्हणाल्या. "खोटी नोंद कुणी केली, तिथे माझं नाव घाला. आणि खाली, शोध कुणी लावला, तिथेही तेच."